एकशे एक बायका, एक पुरुष आणि दुधाचा प्रश्न

१९ फेब्रुवारी १८९७. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं स्टोनी क्रीक हे फळबागांचं गाव. दिवस थंडीचे, शेतीची कामं थंडावलेली. गावच्या स्क्वायर्स हॉलमध्ये १०१ बायका येऊन बसल्या होत्या आणि त्यांच्यात पुरुष एकच, अरलंड ली नावाचे शेतकरी. सभेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं. सभा कशी चालवायची, ठराव कसा मांडायचा, याची सवय त्यांना होती; बायकांपैकी बहुतेकींना ती संधीच कधी मिळाली नव्हती. त्या दिवशी या बायकांनी स्वतःचं मंडळ काढलं. त्याला पुढे ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ म्हणू लागले आणि पन्नास वर्षांच्या आत त्या नावाची मंडळं समुद्रापलीकडे जाऊन पोचली.

यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. महिला मंडळ आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत असतं. हळदीकुंकू, भिशी, वर्षातून एक सहल आणि गॅदरिंगला एक नाच. पण ‘मंडळ’ या शब्दामागे एक जुनी आणि बरीच हुशार यंत्रणा आहे. ती कशी चालते ते समजून घ्यायला स्टोनी क्रीकसारखं उदाहरण नाही.

बायका एकत्र जमत नव्हत्या असं मुळीच नाही. चर्चच्या निधीसाठी केक करायला, कुणाच्या लग्नासाठी गोधडी शिवायला त्या जमतच. आठ-दहा जणी एका चौकटीभोवती बसायच्या आणि संध्याकाळपर्यंत गोधडी पुरी करायच्या. गप्पा व्हायच्या, एकमेकींची दुखणी-बाळंतपणं कळायची. मात्र त्या जमण्याचं फळ नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात पडायचं: चर्चच्या, नवरीच्या, परदेशी गेलेल्या मिशनऱ्याच्या. आपल्याला स्वतःला काहीतरी कळावं एवढ्यासाठीच जमायचं, ही गोष्ट वेगळी. त्याला इंग्लंडात आधीपासून एक नाव होतं. मराठीत त्याला ‘परस्पर उन्नती मंडळ’ म्हणता येईल.

ही कल्पना मुळात शिकायची ऐपत नसलेल्या माणसांची. १८४० च्या दशकात लीड्स शहरातले दोन-तीन कामकरी तरुण संध्याकाळी एकत्र बसून वाचू-लिहू लागले. ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं. माणसं वाढली तेव्हा त्यांनी जागा भाड्याने घेतली, ती कॉलऱ्याच्या साथीत तात्पुरतं इस्पितळ म्हणून वापरलेली कळकट खोली. तिच्याकडे दुसरं कुणी फिरकत नव्हतं. १८४५ मध्ये त्यांनी सॅम्युअल स्माइल्स यांना भाषणाला बोलावलं आणि त्या भाषणांतूनच पुढे १८५९ चं ‘सेल्फ हेल्प’ हे पुस्तक झालं. आपल्याकडे मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी काढलेली सभा आणि तिची मराठी शाखा ‘ज्ञानप्रसारक सभा’ याच जातकुळीची. निबंध लिहायचा, सगळ्यांसमोर वाचायचा, मग त्यावर चर्चा. शिक्षक कुणी नाही, परीक्षा नाही. दादोबा पांडुरंगांसारखी माणसं त्यात होती. बायका अर्थातच नव्हत्या, पण त्याच तरुणांनी पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

शहरातल्या तरुणांना हे जमलं, कारण खोली चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि संध्याकाळ मोकळी होती. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या बायकोकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या. शेजारचं घर मैलभर लांब. दिवसभर लाकडांची चूल, विहिरीचं पाणी, कोंबड्या, लोणी काढणं, कपडे उकळणं, शिवाय मुलं. संध्याकाळ म्हणजे दिव्याच्या उजेडात रफू.

तरीही एका ठिकाणी हे चाळीस वर्षं आधीच घडलं होतं. अमेरिकेत मेरिलँडमधल्या सँडी स्प्रिंग या खेड्यात १८५७ साली (आपण वेगळ्याच कारणाने लक्षात ठेवतो ते वर्ष) शेतकरी घरांतल्या बायकांनी परस्पर उन्नतीचं मंडळ सुरू केलं. तिथेच का? कारण ते गाव क्वेकर पंथाच्या लोकांचं. क्वेकरांमध्ये बायकांच्या स्वतंत्र कामकाजी सभा दोनेकशे वर्षांपासून चालत आलेल्या. इतिवृत्त लिहिणं, समिती नेमणं, एखाद्या प्रश्नावर सगळ्यांचं मत घेणं, हे त्यांनी आई-आजीला करताना पाहिलं होतं. गावातल्या पुरुषांचं शेतकरी मंडळ तर १८४४ पासून होतं. बायकांनी नवीन शोध लावला नाही, घरात होतं तेच हत्यार स्वतःसाठी वापरलं. या एका गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण स्टोनी क्रीकमध्येही नेमकं हेच झालं. फक्त तिथे ते हत्यार उसनं आणावं लागलं.

दूध

स्टोनी क्रीकची गोष्ट सांगताना सगळेजण अ‍ॅडलेड हुडलेस यांच्यापासून सुरुवात करतात. त्यांचा जन्मही १८५७ चाच, ओंटारिओतल्या सेंट जॉर्जजवळच्या शेतघरातला. वडील लवकर गेले, भावंडांत त्या शेंडेफळ. लग्न झालं ते हॅमिल्टन शहरातल्या फर्निचर कारखानदार घरात, त्यामुळे हाताशी पैसा आणि मोलकरीण दोन्ही. १८८९ साली त्यांचा धाकटा मुलगा वारला. तो दीड वर्षाचाही नव्हता. दूषित दूध पोटात गेल्याने तो गेला, असं सांगितलं जातं.

इथे थोडं थांबून दुधाबद्दल बोलावं लागेल, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. त्या काळी शहरात दूध उघड्या मोठ्या कॅनमधून यायचं. गवळी मापाने ते घरच्या भांड्यात ओतायचा. कॅनवर माश्या, गोठ्यात शेण, रस्त्यावर धूळ, आणि वाटेत थंड ठेवायची काही सोय नाही. दुधात साखर आहे, प्रथिनं आहेत, पाणी आहे, म्हणजे जंतूंना वाढायला जे हवं ते सगळं एकाच भांड्यात. उन्हाळ्यात काही तासांत त्यांची संख्या हजारपट होते आणि दुधाची चव तेव्हा बिघडलेली असेलच असं नाही. मोठ्या माणसाला त्याने जुलाब होतात. तान्ह्या मुलाच्या अंगातलं पाणी दोन दिवसांत संपतं. या दुखण्याला तिकडे ‘उन्हाळी तक्रार’ असं साळसूद नाव होतं, जणू काही तो हवामानाचाच दोष.

पाश्चरने हलक्या उष्णतेने जंतू मारण्याची रीत १८६० च्या दशकात दाखवली होती, पण ती वाइन खराब होऊ नये म्हणून. ती घराघरातल्या दुधापर्यंत यायला दोन पिढ्या गेल्या. ओंटारिओत दुधाचं पाश्चरीकरण कायद्याने सक्तीचं झालं ते १९३८ साली. आपल्याकडे दूध उतू जाईपर्यंत तापवायची पद्धत असल्याने हा प्रश्न आपल्याला पटकन दिसत नाही. तिकडे दूध कच्चंच पीत.

बाळ गेल्यावर आई कामाला लागली, ही गोष्ट मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. आनंदीबाई जोशींचं दहा दिवसांचं बाळ गेलं आणि त्या डॉक्टर व्हायला निघाल्या, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. दोन्ही गोष्टी सांगायला सोप्या आहेत, म्हणून त्या टिकल्या. मला त्यात एक अडचण वाटते. मूल गमावलेल्या बायका त्या काळात घरोघर होत्या. दुःखातून संस्था निघत असती तर दर गल्लीत एक निघाली असती. हुडलेस बाईंचं वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. आपलं कुठे चुकलं, यापेक्षा हे आपल्याला कुणी शिकवलंच का नाही, असा प्रश्न त्यांनी विचारला. आणि मग शाळेत मुलींना गृहशास्त्र शिकवा म्हणून त्या मागे लागल्या. स्वयंपाक, स्वच्छता, आहार हे आई शिकवतेच की, असं म्हणून त्यांची थट्टाही झाली. आईला तरी कुठे माहीत होतं? जंतू असतात हेच जगाला नुकतं कळलेलं. पुढे १८९८ मध्ये या विषयाचं शालेय पाठ्यपुस्तकही त्यांनीच लिहिलं.

उसनं आणलेलं हत्यार

डिसेंबर १८९६ मध्ये गुएल्फच्या कृषी महाविद्यालयात त्यांचं भाषण झालं. श्रोत्यांत अरलंड ली होते. ते आपल्या भागातल्या ‘फार्मर्स इन्स्टिट्यूट’चे चिटणीस. ही शेतकऱ्यांची मंडळं सरकारी मदतीने चालत. हिवाळ्यात शेतकरी जमायचे, कृषी खात्याचा माणूस यायचा, खत, बियाणं, गुरांचा चारा यावर व्याख्यान आणि मग प्रश्नोत्तरं. आपल्या कृषी मेळाव्याची कल्पना करा, फक्त मंडप आणि पुढारी वजा करून.

ली यांनी हुडलेस बाईंना स्टोनी क्रीकला बोलावलं. १२ फेब्रुवारी १८९७ ला मंडळाची ‘बायकांची रात्र’ होती, तेव्हा पस्तीसेक बायका आल्या. हुडलेस बाईंनी मुद्दा अगदी शेतकऱ्याच्या भाषेत मांडला: गुरांना काय घालावं, गोठ्यात हवा कशी खेळती ठेवावी, यासाठी पुरुषांचं मंडळ आहे, सरकारचा पैसा आहे. मग मुलांना काय घालावं आणि घरात हवा कशी खेळती ठेवावी, यासाठी बायकांचं का असू नये? याला उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा जमायचं ठरलं. मधल्या दिवसांत ली आणि त्यांची पत्नी जॅनेट यांनी घरोघर निरोप पोचवले आणि पस्तीसच्या एकशे एक झाल्या.

हुडलेस बाईंना मानद अध्यक्ष केलं गेलं. प्रत्यक्ष अध्यक्ष झाल्या ख्रिस्तिना स्मिथ, जवळच्याच एका फळबागायतदाराची पत्नी. आणि मंडळाची घटना लिहिली गेली ली यांच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. अक्षर जॅनेट ली यांचं. त्या आधी शिक्षिका होत्या. पुतळ्याला हुडलेस बाई शोभतात, पण मला विचाराल तर या गोष्टीतली माझी आवडती व्यक्ती जॅनेट. भाषण ऐकून भारावणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवशी बसून ‘कलम १, नाव, कलम २, उद्देश’ असं लिहून काढणारं माणूस विरळा.

त्या घटनेत उद्देश होता तो साधारण असा: घराची रचना आणि स्वच्छता सुधारेल असं ज्ञान पसरवणं, अन्न आणि सरपण यांचं आर्थिक व आरोग्याच्या दृष्टीने मोल समजून घेणं, आणि मुलांचं संगोपन शास्त्रीय रीतीने करणं. सरपण हा शब्द वाचून मी थबकलो. चूल कुणी तरी रोज पेटवणाऱ्यानेच तो तिथे घातला असणार. अभ्यासाच्या विषयांत आहार आणि आरोग्याबरोबर बागकाम होतं, संगीत आणि कला होती, साहित्य, शिक्षण आणि, लक्ष द्या, कायदेही होते. मत द्यायचा हक्क नसलेल्या बायकांनी १८९७ साली आपल्या अभ्यासक्रमात कायदे घातले.

आता यंत्रणा. वर्षाची वर्गणी २५ सेंट, म्हणजे अंडी-लोण्याच्या पैशांतून भरता येईल आणि नवऱ्याला विचारावं लागणार नाही इतकी. सरकारचं थोडं अनुदान. महिन्याला एक बैठक. एखादी सभासद विषय तयार करून वाचणार किंवा प्रत्यक्ष करून दाखवणार. अधूनमधून खात्याकडून व्याख्याती येणार. हजेरीची एक गमतीची रीत या मंडळांत रुळली. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं नाही, त्याऐवजी एक पाककृती, एक युक्ती किंवा कवितेची एक ओळ सांगायची. वरवर पाहता हा खेळ. पण कधीच चारचौघांत तोंड न उघडलेली बाई यात दर महिन्याला एक वाक्य मोठ्याने बोलते. वर्षभरात तिची बारा वाक्यं होतात. त्यानंतर तिला निबंध वाचायला सांगितला तर ती पळून जात नाही.

दुसरा नियम माझ्या मते सगळ्यांत हुशारीचा: मंडळ कुठल्या पंथाचं नाही आणि कुठल्या पक्षाचं नाही. ओंटारिओतलं खेडं म्हणजे मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, कॅथलिक. प्रत्येकाचं चर्च वेगळं, केक वेगळे आणि एकमेकांच्या चर्चमध्ये पाऊल टाकायची मारामार. त्या गावात बायका एकत्र येतील असा एकच विषय होता, तो म्हणजे घर. देव आणि निवडणूक दाराबाहेर ठेवल्यावर आत शंभर जणी मावल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे कागद. इतिवृत्त, जमाखर्च, पदाधिकाऱ्यांची निवड. कंटाळवाणं वाटतं ना? पण अध्यक्ष बदलली तरी मंडळ राहतं ते यामुळेच. एका उत्साही बाईच्या जिवावर चाललेला उपक्रम तिच्या बदलीबरोबर, आजारपणाबरोबर संपतो. ज्या मंडळाकडे वही आहे, तिथे दुसरी कुणी येऊन मागच्या पानावरून पुढे सुरू करते. क्वेकर बायकांकडे ही वही परंपरेने होती. स्टोनी क्रीकच्या बायकांनी ती पुरुषांच्या कृषी मंडळाकडून घेतली, आणि अरलंड ली यांचं योगदान असेल तर ते हेच. रीत दाखवून दिली, मग खुर्ची सोडली.

कुंपण कुठे होतं

हे सगळं गोड गोड नाही. मंडळात येणाऱ्या बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्या, स्वतःची जमीन असलेल्या घरांतल्या. त्यांच्या घरी राबणाऱ्या मुलींना दुपारची सुट्टी मिळत होती का, हा प्रश्न कुठल्या निबंधाचा विषय झाला नसावा. हुडलेस बाई स्वतः बायकांच्या मताधिकाराच्या बाजूने उभ्या राहिल्या नाहीत. बाईचं खरं सामर्थ्य घरात आहे, असं त्या मानत. म्हणून नंतरच्या काळात त्यांच्यावर टीका झाली, की चुलीला शास्त्र म्हणून त्यांनी बायकांना चुलीशीच बांधलं.

टीका खोटी नाही, पण हिशोब एवढ्यावर संपत नाही. मुलाला स्वच्छ दूध द्यायचं, हा धडा पहिल्या महिन्यात शिकून होतो. दुसऱ्या महिन्यात कळतं की आपण भांडं कितीही घासलं तरी गवळ्याचा कॅन घाण असेल तर उपयोग नाही. तिसऱ्या महिन्यात कळतं की कॅनबद्दल नियमच नाही. मग अर्ज लिहावा लागतो, शिष्टमंडळ न्यावं लागतं, आमदाराला गाठावं लागतं. घरातून निघालेली वाट अशी आपोआप कचेरीत जाते. शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी, पाश्चरीकरण यांसाठी या मंडळांनी पुढे नेट लावला. त्यांनी स्वतःला राजकारणी कधी म्हटलं नाही. हुडलेस बाई हे सगळं पाहायला राहिल्या नाहीत. फेब्रुवारी १९१० मध्ये टोरांटोत बायकांसमोर भाषण करत असतानाच त्या कोसळल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा त्रेपन्नावा वाढदिवस होता. ओंटारिओतल्या बायकांना प्रांताच्या निवडणुकीत मत मिळालं ते त्यानंतर सात वर्षांनी.

एव्हाना मंडळ समुद्र ओलांडून गेलं होतं. ब्रिटिश कोलंबियातल्या मॅज वॉट या विधवा बाई ब्रिटनमध्ये राहायला आल्या आणि तिथल्या लोकांना ही कल्पना समजावत फिरल्या. आधी कुणी दाद दिली नाही. महायुद्ध पेटलं, अन्नाची टंचाई दिसू लागली, तेव्हा कान टवकारले गेले. १९१५ मध्ये ब्रिटनमधली पहिली शाखा निघाली ती वेल्समधल्या लॅनव्हेअरपुल या खेड्यात. या गावाचं पूर्ण नाव अठ्ठावन्न अक्षरांचं आहे, ते मी इथे लिहीत नाही. १९३३ साली स्टॉकहोममध्ये देशोदेशींच्या खेड्यांतल्या बायकांच्या संघटनांचा एक जागतिक संघ झाला, त्याच्या पहिल्या अध्यक्षही मॅज वॉटच.

ली यांचं घर आता संग्रहालय आहे. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते ओंटारिओतल्या शाखांनी विसाव्या शतकात हाती घेतलेलं एक काम. गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ट्वीड्सम्यूर यांनी सुचवलं की आपापल्या गावाचा इतिहास लिहून ठेवा. आणि या बायकांनी तो लिहिला. पहिली शाळा कुठे होती, कुठल्या शेतावर मूळ मालक कोण, गिरणी कधी बंद पडली, कुणाचं कोठार कधी जळालं, युद्धावर कोण गेलं आणि कोण परतलं नाही. फोटो चिकटवले, वर्तमानपत्रांची कात्रणं लावली. शाखेशाखेत असे जाडजूड ग्रंथ तयार झाले. आज त्या प्रांतातल्या एखाद्या खेड्यावर काम करणारा इतिहासकार सरकारी दप्तराइतकाच या वह्यांकडे वळतो. दप्तरात जमिनीचा सात-बारा सापडतो. त्या जमिनीवरच्या घरात कोण राहत होतं आणि त्यांच्याकडे विहिरीला पाणी कधी लागलं, ते फक्त वहीत असतं.